आनंदाची कैफियत



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला इतकी वर्षे अव्याहत चालली आहे, ते दिवसा हायस्कुलात संस्कृत शिकवीत आणि महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी, चित्रकलेच्या वर्गातली बाके भिंतीशी सरकवून, पांढरा पडदा टांगून, कोठूनतरी खटपटीने मिळवलेली सोळा मिलिमीटरची प्रत प्रोजेक्टरवर चढवीत, हे येथील वडीलधाऱ्या मंडळींना मी सांगावयास नको. चित्रपट संपून दिवे लागले की सर दाराशी उभे राहत आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हाती एक कोरे पोस्टकार्ड ठेवीत. त्यावर 'आवडला' किंवा 'आवडला नाही' एवढेच लिहून आणणाऱ्याचे कार्ड ते न वाचता बाजूला ठेवीत. आवडला तर कशाने आवडला, नेमक्या कोणत्या क्षणी आवडला, आणि त्या क्षणी पडद्यावर काय होते, याची रीतसर कैफियत त्यांना हवी असे.

'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' हा आल्फ्रेड हिचकॉक यांचा हेरपट मी प्रथम पाहिला तो त्या चित्रकलेच्या वर्गात. पहिले रीळ संपले तेव्हा नायक पोलिसांना चुकवून शिकागोच्या आगगाडीत शिरला होता, आणि सर दुसरे रीळ चढवीपर्यंत आम्ही मुलांनी श्वास रोखून धरला होता. माझ्या कार्डावर मी मोठ्या अभिमानाने लिहिले होते की विमानाचा प्रसंग अप्रतिम आहे. आठ दिवसांनी ते कार्ड परत आले. माझ्या वाक्याखाली तांबड्या शाईत सरांनी एकच प्रश्न लिहिला होता: "विमान येण्यापूर्वी तू काय पाहत होतास?" त्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी देता आले नाही. पुढे वाचीत, पाहत, लिहीत राहिलो तेव्हा असे ध्यानात आले की हा प्रश्न केवळ एका शाळकरी मुलासाठी नव्हता; जगातल्या नामांकित समीक्षकांनीही या चित्रपटापुढे याच प्रश्नाशी अडखळून दीर्घकाळ घालवला आहे. आजच्या व्याख्यानात त्या अडखळण्याचा इतिहास सांगावा आणि त्यातून समीक्षेच्या धर्माविषयी मला जे उमगले ते आपणांपुढे ठेवावे, एवढाच माझा संकल्प आहे.

चित्रपट १९५९ सालचा. निर्मिती मेट्रो-गोल्डविन-मेयर या कंपनीची, पटकथा अर्नेस्ट लेहमन यांची, छायाचित्रण रॉबर्ट बर्क्स यांचे, संगीत बर्नार्ड हरमन यांचे. न्यूयॉर्क शहरात जाहिरातीच्या धंद्यात असलेला रॉजर थॉर्नहिल नावाचा एक सुखवस्तू, चतुर, दोनदा घटस्फोट झालेला आणि अद्यापि आईच्या धाकात असलेला गृहस्थ प्लाझा हॉटेलात बसला असता, हॉटेलचा पोऱ्या 'जॉर्ज कॅप्लन' असा पुकारा करीत येतो त्याच क्षणी, आईला तार पाठवायची म्हणून, त्या पोऱ्याला हात करतो. तेवढ्या एका हात उचलण्यावरून परकीय हेर त्याला कॅप्लन समजतात, पळवून नेतात, बळेच दारू पाजून मोटारीसकट कड्यावरून लोटू पाहतात, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत त्याच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच एका माणसाचा खून होऊन सुरा थॉर्नहिलच्या हाती येतो, तेव्हा तो पोलिसांचाही गुन्हेगार ठरतो. यातली मेख अशी, की जॉर्ज कॅप्लन नावाचा मनुष्य अस्तित्वातच नाही. अमेरिकी गुप्तचर खात्याने शत्रूची नजर आपल्या खऱ्या हस्तकावरून ढळावी म्हणून हॉटेलांतल्या नोंदी, कपाटातले कपडे आणि इकडून तिकडे पाठवलेले सामान एवढ्यावर उभी केलेली ती एक कागदी बाहुली आहे.

आपल्याकडे पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने उभा राहिलेल्या आणि १७७६ साली देहान्त शिक्षा भोगलेल्या तोतयाची हकिकत सर्वांना ठाऊक आहे, न. चिं. केळकरांनी त्यावर 'तोतयाचे बंड' हे नाटकही लिहिले. त्या प्रकरणात खऱ्या माणसाचे नाव एका खोट्या माणसाने घेतले होते, आणि पंचांनी साक्षी-पुरावे घेऊन, जबान्या नोंदवून, तो खोटा असल्याचा निवाडा केला. हिचकॉक यांच्या कथेत नेमका उलटा मामला आहे. येथे खऱ्या माणसावर खोटे नाव लादले जाते, आणि ते नाव आपले नाही हे सिद्ध करण्यासाठी त्या नावाचा खरा धनी शोधून काढावा म्हटले, तर धनीच नाही! तोतयाला उघडे पाडता येते. ज्याचा तोतया व्हायचे तो मूळ पुरुषच नसेल तेव्हा कोणत्या पंचांपुढे दाद मागावी? अशा पोकळ पायावर दोन तास सोळा मिनिटांची डौलदार इमारत उभी राहते, याचे श्रेय रचनेला आहे.

ही रचना कशी सिद्ध झाली, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. हिचकॉक आणि लेहमन यांनी वास्तविक 'द रेक ऑफ द मेरी डिअर' या कादंबरीची पटकथा करण्याचे काम हाती घेतले होते. त्यात जीव रमेना म्हणून दोघांनी ते सोडून दिले, आणि हिचकॉक यांच्या सर्व चित्रपटांचा कळस ठरेल असा एक चित्रपट लिहावा, अशी आकांक्षा लेहमन यांनी बोलून दाखवली. काल्पनिक हस्तकाची कल्पना ओटिस गर्न्सी या पत्रकाराने हिचकॉक यांना पूर्वीच सुचवून ठेवली होती. माउंट रशमोरच्या डोंगरात कोरलेल्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रचंड मुखांवरून पाठलाग व्हावा, ही हिचकॉक यांची जुनी हौस होती. संयुक्त राष्ट्रसंघाने चित्रीकरणाची परवानगी नाकारली, तेव्हा नायक कॅरी ग्रँट इमारतीत शिरतानाचे दृश्य रस्त्यापलीकडून, गाडीत दडवलेल्या कॅमेऱ्याने टिपले गेले आणि आतली दालने स्टुडिओत उभारली गेली. चित्रीकरण चालू असताना स्वतः ग्रँट यांनी तक्रार केली की या कथेचे डोके-शेपूट आपल्याला कळत नाही; हिचकॉक यांनी पुढे आनंदाने सांगितले की ही तक्रार करताना ग्रँट नकळत आपल्या भूमिकेतलेच वाक्य बोलत होते. नटाचा गोंधळ हाच पात्राचा गोंधळ, आणि पात्राचा गोंधळ हाच प्रेक्षकाचा आनंद, अशी ती तीनपेडी वीण होती.

आता समीक्षकांकडे वळू. १९५९ च्या जुलैत शिकागो येथे चित्रपट प्रथम दाखवला गेला आणि ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला. लोकांनी तो उचलून धरला. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या परीक्षणाने त्याला हेरांचा, प्रतिहेरांचा आणि प्रेमिकांचा रंगीत व रोमहर्षक प्रवास म्हणून वाखाणले. ऑस्कर पारितोषिकांसाठी पटकथा, कलादिग्दर्शन आणि संकलन या तीन विभागांत त्याचे नाव आले, मात्र पारितोषिक एकही मिळाले नाही. दुसऱ्या बाजूस 'न्यूयॉर्कर'च्या परीक्षणाला त्यात हिचकॉक यांच्या शैलीचे, त्यांच्याच हातून नकळत झालेले विडंबन दिसले. आणि 'न्यू रिपब्लिक'मधून स्टॅन्ली कॉफमन यांनी तर, १९३५ चा 'द थर्टीनाइन स्टेप्स' आणि १९३८ चा 'द लेडी व्हॅनिशेस' करणारा दिग्दर्शक आता उरला नाही, अशा आशयाचा कठोर अभिप्राय दिला.

वरवर पाहता स्तुती आणि निंदा यांत महदंतर दिसते. परंतु दोन्ही पक्षांचे मसुदे शेजारी ठेवून वाचले तर त्यांच्या मुळाशी एकच गृहीत असल्याचे दिसून येते. हा चित्रपट म्हणजे निव्वळ रंजन, आणि रंजन म्हणजे विचाराच्या दफ्तरात नोंद न करण्याजोगी वस्तू, हे ते गृहीत. स्तुती करणाऱ्याने म्हटले, मजा आली. निंदा करणाऱ्याने म्हटले, नुसती मजा आहे. मजा कशी निर्माण झाली, ती निर्माण करण्यात कोणती बुद्धी, कोणता संयम आणि कोणती माणसांविषयीची जाण खर्ची पडली, हा तपशील दोघांनीही दिला नाही. जमेच्या बाजूस आनंदाची रक्कम मांडली, पण ती कोठून आली याची पावती कोणी जोडली नाही.

यात त्या समीक्षकांचा वैयक्तिक दोष मी काढीत नाही, कारण त्यामागे त्या काळाची अभिरुची उभी होती. १९४९ सालीच लिंडसे अँडरसन यांनी 'सीक्वेन्स' या इंग्लिश नियतकालिकात, हिचकॉक यांचे उत्तम काम इंग्लंडमध्ये झाले आणि अमेरिकेने त्यांची धार बोथट केली, अशी मांडणी केली होती. कॉफमन यांच्या अभिप्रायात त्याच मांडणीचा पडसाद ऐकू येतो. गंभीर चित्रपट म्हणजे गंभीर विषयाचा चित्रपट, असा तेव्हा जवळजवळ शिरस्ताच पडला होता. शिवाय आदल्याच वर्षी 'व्हर्टिगो' हा हिचकॉक यांचा अतिशय खोल, विषण्ण चित्रपट समीक्षकांनी आणि प्रेक्षकांनी थंडपणे स्वीकारला होता. ज्या पिढीने 'व्हर्टिगो'तले गांभीर्य ओळखले नाही, तिने 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'च्या हसऱ्या चेहऱ्यामागचे ओळखावे, ही अपेक्षा अवाजवी होती.

पहिली वेगळी नजर आली ती फ्रान्समधून. 'काइये द्यू सिनेमा' या मासिकाभोवती जमलेल्या तरुणांपैकी एरिक रोमर आणि क्लोद शाब्रोल यांनी १९५७ सालीच हिचकॉक यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहून, कलाकृतीचा अर्थ तिच्या रूपातच शोधावा लागतो, हे ठासून सांगितले होते. त्यांचे सोबती फ्रांस्वा त्र्युफो यांनी १९६२ मध्ये हिचकॉक यांच्याशी अनेक दिवस चाललेले संभाषण ध्वनिमुद्रित केले आणि १९६६ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्या संभाषणाचे मोल माझ्या मते यात आहे, की तेथे एक रसिक एका कारागिराला विद्यार्थ्याच्या नम्रतेने विचारतो: येथे कॅमेरा इतका उंच का? हा तुकडा एवढा लांब का? हेरांना हवी असलेली गुपिते नेमकी कोणती, हे चित्रपटात सांगितले जात नाही, याविषयी हिचकॉक तेथे समाधान व्यक्त करतात. कथेला धावते ठेवणारे निमित्त, ज्याला ते 'मॅकगफिन' म्हणत, ते येथे अगदी शून्यवत झाले आहे, आणि म्हणूनच ते आपले सर्वोत्तम निमित्त आहे, असे त्यांचे म्हणणे. नाव पोकळ, गुपित पोकळ. मग उरते काय? उरतात माणसे, आणि त्यांच्यावर येणारे प्रसंग.

त्या प्रसंगांपैकी एक जवळून पाहू; सरांच्या प्रश्नाचाही तो प्रसंग आहे. कॅप्लनला भेटण्यासाठी म्हणून थॉर्नहिलला इंडियाना राज्यातील एका निर्जन हमरस्त्यावर बोलावले जाते. (चित्रीकरण वास्तविक कॅलिफोर्नियात, बेकर्सफील्डच्या परिसरात झाले.) हेरकथेत माणसाला मारण्यासाठी बोलवायचे तर रात्र हवी, ओली फरशी हवी, दिव्याखाली सावली हवी, खिडकीआडून डोकावणारा चेहरा हवा, हिचकॉक यांनी हे सगळे ठरवून टाळले. भर दुपार, सपाट जमीन, क्षितिजापर्यंत आडोसा नाही, पार्श्वसंगीताचा एक सूर नाही. अतिशय उंचावरून दिसते की एक बस थांबली, मुंगीएवढा एक माणूस उतरला, बस गेली. मग तो पाहतो. आपण त्याला पाहतो. तो काय पाहतो ते आपण पाहतो. पुन्हा त्याला पाहतो. एका दिशेने मोटार येते, मोठी होते, निघून जाते. दुसऱ्या दिशेने दुसरी. एक मालट्रक धूळ उडवीत जातो आणि तो गृहस्थ शहरी, करड्या, नेटक्या सुटावरची धूळ टाळण्यासाठी मान वळवतो. आडवाटेने आलेल्या एका गाडीतून एक शेतकरीवजा माणूस उतरून समोर उभा राहतो. रस्त्याच्या दोन काठांवर दोन अनोळखी माणसे, दोघांच्या मध्ये तापलेली सडक. थॉर्नहिल सडक ओलांडून त्याला कॅप्लन का म्हणून विचारतो. आपण कॅप्लन नाही असे शांतपणे सांगून तो माणूस दूरच्या विमानाकडे पाहत म्हणतो की ते विमान पीक नसलेल्या जागी फवारणी करते आहे, हे नवलच. एवढे बोलून तो आलेल्या बसमध्ये चढून जातो.

त्यानंतर विमान झेप घेते, नायक जमिनीवर लोळण घेतो, वाळलेल्या मक्याच्या ताटांत दडतो, औषधाच्या धुरळ्याने गुदमरून बाहेर येतो, तेलाच्या टँकरपुढे हात पसरून उभा राहतो, आणि विमान टँकरवर आदळते. हरमन यांचे संगीत परत सुरू होते ते त्या स्फोटाबरोबर. हे सर्व आम्हा मुलांना तोंडपाठ होते. परंतु भीतीचे खरे बीज आधीच्या त्या मिनिटांत पेरलेले आहे, ज्यांत काहीही घडत नाही. प्रत्येक गाडी हा एक प्रश्न असतो आणि निघून गेलेली प्रत्येक गाडी हे एक हुकलेले उत्तर. प्रेक्षकाचे डोळे क्षितिज धुंडाळण्याची सवय एकदा शिकले की संकट आभाळातून येते, जेथे कोणी पाहत नव्हते. आपल्या रसशास्त्राच्या परिभाषेत बोलावयाचे तर तो उघडा माळ आणि ती दुपार हा उद्दीपन विभाव. खिशात जाणारा आणि पुन्हा बाहेर येणारा हात हा अनुभाव. शंका, चिंता, त्रास, आवेग हे व्यभिचारी भाव. आणि त्यांच्या मेळातून भयानकाचा हात धरून आलेला अद्भुत. आमच्या संस्कृतच्या सरांना तो प्रश्न का सुचला, हे मला फार उशिरा कळले.

इंग्लंडमध्ये रॉबिन वुड यांनी १९६५ साली हिचकॉक यांच्यावरील आपल्या ग्रंथात या चित्रपटाचा विचार करताना एक मार्मिक तुलना केली. तोवर जेम्स बाँडचे चित्रपट आले होते; पिकांवरच्या त्या विमानाची छाया १९६३ च्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधील हेलिकॉप्टरच्या पाठलागावर स्पष्ट पडली होती. वुड यांनी १९६४ चा 'गोल्डफिंगर' समोर ठेवून दाखवले की तेथे चमकदार तुकड्यांची माळ आहे, तर येथे एका माणसाची वाढ आहे. बेजबाबदार, शब्दांवर जगणारा, कोणाशीही न बांधलेला थॉर्नहिल हळूहळू दुसऱ्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घालणारा पुरुष होतो, आणि चित्रपटातले एकूण एक साहस या परिवर्तनाला जुंपलेले आहे.

याचा पुरावा म्हणून मी काड्यापेटीची गोष्ट सांगतो. आगगाडीत ईव्ह केंडल ही तरुणी, जिची भूमिका ईव्हा मारी सेंट यांनी केली आहे, थॉर्नहिलच्या खिशातल्या छोट्या काड्यापेटीवरची त्याच्या नावाची तीन आद्याक्षरे पाहते. त्या तीन अक्षरांचा मिळून इंग्रजीत अर्थ होतो 'सडणे, कुजणे'. मधले अक्षर कशाचे, असे ती विचारते; तो सांगतो, कशाचेच नाही. पात्राच्या रिकामेपणाची याहून नेमकी ओळख कोणत्या संवादाने करून दिली असती? पुढे, जेम्स मेसन यांनी ज्याची भूमिका केली त्या व्हॅनडॅम या हेरप्रमुखाच्या डोंगरावरील घरात ईव्हचे खरे रूप उघडकीस येते. ती अमेरिकेची हस्तक आहे हे त्याला कळले आहे, आणि हे त्याला कळल्याचे तिला कळलेले नाही. वर दडलेला थॉर्नहिल त्याच काड्यापेटीच्या आत इशारा लिहून ती खालच्या दिवाणखान्यात टाकतो. ती पडते व्हॅनडॅमचा हस्तक लेनर्ड याच्या पायाशी. तो ती सहज उचलतो, मेजावर ठेवतो. आपला श्वास अडतो. मग ईव्हची दृष्टी तिच्यावर पडते, ती ओळखते, आणि काहीतरी विसरल्याचे निमित्त करून वर जाते. आरंभी 'कशाचेच नाही' असे ज्या नावाने सांगितले, तेच नाव आता एका जिवाच्या रक्षणासाठी धावते. हाताच्या बोटांत मावणारी वस्तू एका माणसाचे चरित्र वाहून नेते, हे ज्याने रचले त्याच्या रंजनाला 'नुसते' हे विशेषण लावणे न्याय्य नाही.

आणि या रंजनाच्या पोटात राज्यसत्तेविषयी एक जळजळीत फिर्याद आहे, जिची दखल त्या वेळच्या परीक्षणांत मला कोठे आढळली नाही. संयुक्त राष्ट्रसंघातील खुनाची बातमी वृत्तपत्रांत येते तेव्हा गुप्तचर खात्याच्या कचेरीत अधिकारी मेजाभोवती बसून विचार करतात: हा निरपराध माणूस आपल्या काल्पनिक हस्तकाच्या जागी सापडला आहे, त्याला वाचवावे काय? निर्णय होतो की काही करू नये, कारण काही केल्यास खऱ्या हस्तकाला धोका. प्रोफेसर म्हणवणारा त्यांचा प्रमुख हे अत्यंत सौम्य, सुसंस्कृत स्वरात बोलतो. पुढे थॉर्नहिल त्याला तोंडावर सुनावतो की ईव्हसारख्या तरुणीला अशा रीतीने वापरल्यावाचून जी जिंकता येत नाहीत, असली काही शीतयुद्धे हरावयास तुम्ही शिकले पाहिजे. १९५९ मध्ये, शीतयुद्धाच्या ऐन भरात, प्रमुख अमेरिकी कंपनीच्या लोकप्रिय चित्रपटात नायकाच्या तोंडी हे उद्गार आहेत. विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'तही चाणक्याचे हेर, खोटी पत्रे आणि अमात्य राक्षसाचीच मुद्रा वापरून त्याला घातलेला वेढा पाहताना, कारस्थानाच्या कौशल्याने थक्क झालेले आपले मन शेवटी त्या एकाकी, मित्रनिष्ठ राक्षसासाठी कळवळते. उत्तम हेरकथा आपल्याला राजनीतीचा डाव दाखवते आणि त्या डावात प्यादे झालेल्या माणसाच्या बाजूने उभे करते.

पुढच्या दशकांत पारडे फिरले, आणि ते काहीसे दुसऱ्या टोकाला गेले. रेमों बेलूर यांनी १९७५ साली शंभराहून अधिक पृष्ठांचा एक निबंध लिहून, मनोविश्लेषणाच्या आधारे, त्या विमानप्रसंगाचे तुकड्यातुकड्याने पृथक्करण केले. स्टॅन्ली कॅव्हेल या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये चित्रपटाचे नाते शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'शी आणि दुरावलेल्या जोडप्यांच्या पुनर्मीलनाच्या सुखात्मिकांशी जोडले. लेस्ली ब्रिल यांनी १९८८ मध्ये त्याला अद्भुतकथेच्या परंपरेत बसवले, आणि फ्रेडरिक जेमसन यांनी त्यातील अवकाशरचनेची मीमांसा केली. या विद्वानांचे ऋण मला मान्य आहे. बेलूर यांनी दाखवलेली गाड्यांच्या ये-जा करण्यातील सममिती एकदा कळली की तो प्रसंग अधिकच सुंदर दिसतो. तथापि यांपैकी काही लेखन वाचताना असे वाटत राहते की लेखकाला चित्रपटगृहात कधी हसू फुटले असेल, कधी खुर्चीचा हात त्याने घट्ट धरला असेल, याची एकही खूण मागे राहू नये, अशी दक्षता घेतली आहे. पूर्वीच्या परीक्षकांनी आनंद नोंदवला आणि त्याचा हिशेब दिला नाही; या पंडितांनी हिशेब चोख दिला आणि कशाचा हिशेब आहे ते मात्र लिहावयाचे राहून गेले. चित्रपटातल्या उपाहारगृहाच्या प्रसंगात बंदूक सुटण्याआधीच कानावर हात ठेवणारा मागच्या मेजावरचा मुलगा दाखवून चूक पकडल्याचे समाधान मानणारे तिसऱ्याच वर्गात मोडतात. त्यांची नजर तीक्ष्ण असते, पण ती पाहण्यात खर्च होण्याऐवजी पहाऱ्यात खर्च होते.

मानसन्मान यथाकाल आले. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसूचीत याची नोंद झाली. 'साइट अँड साउंड'च्या मतदानात २०१२ साली 'व्हर्टिगो' जगातील सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला, आणि २०२२ च्या मतदानात 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट' पंचेचाळिसाव्या स्थानी होता. परंतु सनद मिळाली म्हणजे समज आली असे होत नाही. क्रमांक हाही एक प्रकारचा 'आवडला' एवढाच शेरा आहे. त्याखालची ओळ रिकामीच राहते.

ही गोष्ट परक्या देशातील एका चित्रपटाची असली तरी तिचा बोध आपल्याला परका नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. मराठी माणसाला वाचनाची गोडी ज्या लेखकांनी लावली त्यांत त्यांचे स्थान वरचे आहे. पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी त्या पुस्तकांवर जीव लावला. तथापि त्या आनंदाची साक्षेपी कैफियत, म्हणजे झुंजार आणि काळा पहाड यांच्या कथांत वाचक पान का उलटतो, भाषा कशी धावते, माहिती केव्हा दिली जाते आणि केव्हा रोखली जाते, याची मांडणी आपल्या समीक्षेने किती केली? आम्ही ती पुस्तके उशीखाली ठेवली आणि चर्चासत्रात त्यांचे नाव घेताना आवाज खाली केला. वास्तविक आनंदाचा अभिमान बाळगून त्याचे शास्त्र उभारण्याची परंपरा आपल्या घरचीच आहे. भरतमुनींनी आणि त्यांच्यामागून अभिनवगुप्तांनी रसिकाचा आस्वाद हेच विचाराचे प्रस्थान मानले, आणि तेथून निघून सामग्रीचा एक-एक धागा मोजला. आस्वाद आधी आणि मीमांसा त्याच्या सेवेला, हा त्यांचा क्रम होता.

१९५९ याच वर्षी आपल्या देशात फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला आणि सत्यजित राय त्याचे अध्यक्ष झाले. त्या चळवळीने गावोगाव पेटवलेल्या दिव्यांपैकी एक दिवा आमच्या चित्रकलेच्या वर्गात जळत होता. तेथे बसणाऱ्या मुलांपैकी फारच थोडी पुढे चित्रपटांविषयी लिहू लागली; पण प्रत्येक जण पाहावयास शिकला, आणि आपल्याला जे आवडले त्याची लाज न बाळगता त्याच्या कारणांचा शोध घेणे, हे सुसंस्कृत मनाचे लक्षण आहे, एवढे तरी त्यातून प्रत्येकाने घरी नेले. आज या सभेत जे तरुण श्रोते आहेत त्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की एखादे पुस्तक, एखादे गाणे, एखादा चित्रपट मनापासून आवडला, तर त्या आवडीला पारितोषिकाच्या किंवा पंडिताच्या दाखल्याची वाट पाहू देऊ नका; मात्र तिला कारणांवाचून मोकळीही सोडू नका.

ते पोस्टकार्ड माझ्याजवळ अजून आहे. तांबडी शाई फिकी झाली आहे, पण अक्षर वाचता येते, आणि त्याखाली सरांनी उत्तरासाठी दोन बोटे जागा सोडली आहे. ती जागा मी आजवर भरली नव्हती. विमान येण्यापूर्वी मी एक रिकामा रस्ता पाहत होतो, सर. त्यावर काहीही घडत नव्हते, आणि ते काहीही न घडणे कोणीतरी अतिशय काळजीने, माझ्यासाठी, घडवून ठेवले होते.